त्रेसष्ट दातांची किसणी

मित्रांनो, मी एका घड्याळजींच्या घरातली किसणी आहे. मला जुनी म्हणा, माझी काही हरकत नाही. जुनीपुराणी मात्र म्हणू नका, कारण अजूनही एका दमात अर्धा किलो गाजरे किसून देण्याची धमक माझ्यात आहे. आमच्या स्वयंपाकघरात कढईला कान आहेत, बरणीला गळा आहे, सुरईला मान आहे. पण दात म्हणाल तर ते एकट्या मला. कुणी याला गर्व म्हणते. मी याला कामाचा अभिमान म्हणते आणि पुढे सांगू लागते.

माझा जन्म पत्र्याची कामे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने मोठ्या पत्र्यातून माझा तुकडा कापला, त्याच्यावर पेन्सिलीने रेघा आखल्या आणि मला लाकडी ठोकळ्यावर पालथे घातले. मग एक जाड खिळा आणि हातोडी घेऊन त्याने माझ्या पाठीवर घाव घालायला सुरुवात केली. वरच्या अर्ध्या भागात मोठी भोके, सात-सातच्या नऊ ओळी, म्हणजे त्रेसष्ट. खालच्या अर्ध्या भागात बारीक भोके, ती किती हे मलाही पाठ नाही. मार पाठीवर बसला आणि दात पुढे आले. तेव्हा फार दुखले, पण दात असेच येतात हे पुढे कळले. कडा दुमडून मला एक वाकडी मूठ लावली आणि दुकानाच्या दारावर टांगून ठेवले.

तिथून मला घेऊन आल्या त्या आमच्या बाई, म्हणजे घड्याळजींच्या पत्नी. त्या तेव्हा नव्या संसाराला एकेक वस्तू जमवत होत्या. त्यांनी पाच किसण्या हातात घेतल्या, प्रत्येकीच्या दातांवरून नख फिरवून पाहिले आणि माझ्यापाशी थांबल्या. कारागीर म्हणाला की सगळ्या सारख्याच आहेत. बाईंनी मान हलवली आणि मलाच पिशवीत टाकले. पाचांत एक निघणे म्हणजे काय असते, ते दारावर टांगून राहिलेल्या त्या चौघींना विचारा.

मग कामाची वर्षे सुरू झाली. गाजर, मुळा, कोबी, दुधी, बीट, आले, उकडलेला बटाटा, वाळलेला पाव, काय काय माझ्या अंगावरून गेले असेल. एकदा कपडे धुण्याचा साबणही किसला होता. ते मात्र मी विसरायचे ठरवले आहे. काम झाले की बाई मला लगेच नळाखाली धरायच्या, दात घासायच्या जुन्या ब्रशाने माझे दात घासायच्या आणि कोरडी करून ओट्यावरच्या खिळ्याला अडकवायच्या. त्या खिळ्यावरून मला सगळे घर दिसायचे, आणि कुणी पाणी प्यायला आत आले की मी त्यांनाही दिसायचे.

माझा सर्वांत मोठा मान असायचा रविवारी. घड्याळजींचे तीन मित्र, पोस्टमन, शिंपी आणि शाळामास्तर, दर रविवारी पाच वाजता पत्ते खेळायला यायचे. पोस्टमन बरोबर पाचला, शिंपी दहा मिनिटे उशिरा आणि मास्तर त्या दोघांमध्ये कधीतरी. बाई आधीपासून तयारीत असायच्या. घरात पैशांची चणचण कायमच होती, पण ताट कधी रिकामे गेले नाही. कोबी स्वस्त असेल तर कोबी, बीट स्वस्त असेल तर बीट. माझ्यावर किसून, बटाट्यात कालवून, तेलात सोडून त्या गरमागरम ताट बाहेर पाठवायच्या. शिंपी म्हणायचा, "वहिनी, पत्ते नुसतं निमित्त आहे." सगळे हसायचे आणि आत मी खिळ्यावर जरा ताठ व्हायचे.

असे बरेच रविवार गेले. मुलगा मोठा होऊन जहाजावर नोकरीला लागला. सून घरात आली. ती बसमध्ये कंडक्टर आहे, आवाज खणखणीत आणि जीभ माझ्याइतकीच धारदार. नंतर, दीड वर्षापूर्वी, बाई आजारी पडल्या आणि तीन आठवड्यांत गेल्या. मित्रांनो, मी पत्र्याची आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवसांत कुणीतरी मला धुऊन ओलेच ठेवले होते आणि माझ्या कडेला गंजाचा एक ठिपका आला. तो अजून आहे आणि तो कुणी घासून काढावा असे मला वाटत नाही.

त्यानंतर माझे दिवस फिरले. मुलाने बंदरावरून भाज्या कापणारे विजेचे यंत्र पाठवले. नव्याचे नऊ दिवस त्याचे कौतुक झाले आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. तिथे माझ्यासोबत झाकण हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणे आणि एक तुटकी चाळणी होती. चाळणी तर नुसती रडगाणे गायची. दोन महिन्यांत त्या यंत्रातून जळका वास आला आणि ते कायमचे गप्प झाले, तरी मला काही कुणी वर काढले नाही. सून पहाटेच्या पाळीला निघायची आणि थकून परत यायची. सासरे-सून मिळून वरण, भात, एखादी भाजी, एवढेच व्हायचे. किसायचे काही नव्हतेच.

रविवारही हळूहळू बंद पडले. सुरुवातीला मित्र येत राहिले. घड्याळजी दुकानातून तळलेल्या पदार्थांचे तेलकट पुडे आणायचे. ते महागही पडायचे आणि त्यात मैद्याशिवाय काही नसायचे. पोस्टमनला साखरेचा आजार झाला होता, शिंप्याला डॉक्टरांनी तळलेले वर्ज्य सांगितले होते आणि मास्तरांना नवी कवळी बसवली होती. पुडे तसेच राहायचे. मग एका रविवारी पोस्टमनला काम निघाले, पुढच्या रविवारी शिंप्याला बरे नव्हते आणि तिसऱ्या रविवारी कुणीच आले नाही. घड्याळजींनी चार कप मांडले होते. साडेसहा वाजता त्यांनी तीन परत ठेवले. सुनेने ते दारातून पाहिले.

तेव्हापासून घड्याळजींनी घराबाहेर पाऊल टाकले नाही. भाजी सून आणायची, दुरुस्तीची घड्याळे लोक दारात आणून द्यायचे. खिडकीपाशी मेज, डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि समोर उघडलेले घड्याळ, असा माणूस सकाळी बसला की दिवे लागेपर्यंत उठायचा नाही. एकदा सुनेने विचारले की मित्रांना बोलवायचे का. तेव्हा त्यांनी भिंग काढले नाही, मानही वर केली नाही.

"ते माझ्याकडे येत नव्हते, पोरी. तिच्या हातचं खायला यायचे," ते म्हणाले.

मी खणात होते, पण खण पूर्ण मिटत नाही, म्हणून ते मला स्पष्ट ऐकू आले. चाळणीसुद्धा त्या दिवशी गप्प बसली. चाळीस वर्षांच्या मैत्रीबद्दल माणूस असा विचार करत एकटा बसला असेल तर त्याला काय सांगायचे, हे मला कळेना.

सुनेला मात्र कळले. पुढच्याच सोमवारी तिच्या बसमध्ये पोस्टमन चढला आणि त्याने घड्याळजींची चौकशी केली. तिने त्याला तिकिटासोबत आमंत्रणही देऊन टाकले. येत्या रविवारी पाच वाजता, बाकीच्या दोघांनाही घेऊन या. संध्याकाळी तिने घरी येऊन हे सांगितले तेव्हा घड्याळजी संतापले. कुणाला विचारून बोलावलेस, त्यांच्यापुढे ठेवणार काय, ते परत एकदा न खाता उठून गेले तर? सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली की खायला तुम्हीच करायचे. दुकानातले नाही, तळलेले नाही, आणि खिशाला परवडेल असे. घड्याळजींना आयुष्यात चहापलीकडे काही करता येत नव्हते. त्यांनी तसे सांगून पाहिले.

"केसापेक्षा बारीक स्प्रिंग बसवता तुम्ही. तुम्हाला गाजर किसता येणार नाही?" ती म्हणाली आणि तिने खालचा खण ओढला.

मित्रांनो, त्या उजेडाने माझे डोळे दिपले असते, मला डोळे असते तर. तिने मला घासले, कोरडे केले आणि जुन्या खिळ्याला लटकवले. चाळणीचा निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही.

ती बाजारात जायची बाजार उठताना. तेव्हा विक्रेत्यांना घरी जायची घाई असते आणि वाकडी गाजरे, पाने न खुडलेले बीट, जरा मऊ पडलेली काकडी निम्म्या भावात मिळते. घड्याळजींना ती गाजरे पाहून कसेसेच झाले. त्यांना सगळे सरळ आणि गोल लागते. सून म्हणाली की किसल्यावर वाकडे कोण आणि सरळ कोण, हे कुणाच्या बापाला ओळखू येत नाही. मला हे वाक्य इतके आवडले की ते माझ्यावर कोरून ठेवावे असे वाटले.

बुधवारी पहिला प्रयोग झाला. घड्याळजींनी बीट किसले आणि त्यासोबत स्वतःचे बोटही. मग किसणीच धड नाही म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडे. सुनेने पट्टी बांधली आणि सांगितले की जोर खाली लावायचा नाही, हात नुसता सरकवायचा. बीट, गाजर आणि उकडलेला बटाटा किसून झाला. उकडून ठेचलेले चणे, आले, मिरची, कोथिंबीर घातली. पण वळलेल्या टिकिया तव्यावर टाकताच पसरल्या, कारण किसात पाणी राहिले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी किसाला किंचित मीठ लावले आणि दहा मिनिटांनी तो फडक्यात पिळून घेतला. ते लाल पाणी सुनेने फेकले नाही, रात्रीच्या सूपमध्ये ओतले. मग टिकिया घट्ट झाल्या. शिळा पाव वाळवून माझ्या बारीक दातांवर किसला आणि त्या चुऱ्यात टिकिया घोळवल्या, तर वरून कुरकुरीतही झाल्या. तेल लागले ते तव्यावर बोटाने फिरवण्यापुरते.

गुरुवारी आणि शुक्रवारी ते स्वतःहून करू लागले. बरणीच्या झाकणात दाबून प्रत्येक टिकिया एका मापाची केली. मनगटावरचे घड्याळ पाहून एका बाजूला चार मिनिटे, दुसऱ्या बाजूला साडेतीन. काकडीच्या चकत्या कापून त्यावर टांगून घट्ट केलेले दही, मिरपूड आणि किसलेले गाजर ठेवायला शिकले. बिटाची पाने तर सून नेहमी टाकूनच द्यायची. ती बारीक चिरून लसणीवर परतून भाजलेल्या पावाच्या तुकड्यांवर घालायची, ही युक्ती त्यांची स्वतःची. एवढे सगळे त्या तेलकट पुड्यांच्या पाव किमतीत होत होते. एक टिकिया खाऊन सून म्हणाली की बाबा, आईंना आवडली असती. घड्याळजींनी पाठ फिरवली आणि बराच वेळ तवा पुसत राहिले.

आणि मग शनिवार उजाडला. त्या दिवसाबद्दल बोलताना आजही माझ्या पत्र्यावर काटा येतो.

घड्याळजी खुशीत होते. रविवारच्या तयारीला सगळी हत्यारे नीट हवीत, असे त्यांच्या मनाने घेतले. घड्याळ दुरुस्तीत तोच तर नियम असतो: काम उद्याचे असेल तर हत्यारे आज साफ करायची. त्यांनी मला खिळ्यावरून काढून खिडकीपाशच्या मेजावर नेले, डोळ्याला भिंग लावले आणि माझ्याकडे पाहिले. इतक्या जवळून मला आजवर कुणी पाहिले नव्हते. मला वाटले, आता कौतुक होणार.

भिंगातून त्यांना काय दिसले असेल? प्रत्येक भोकाभोवती उठलेल्या, वेड्यावाकड्या, खरखरीत कडा. घड्याळजींच्या धंद्यात अशी कडा म्हणजे कामातला कच्चेपणा. घड्याळाच्या चाकावर एवढीशी कडा उठली की घड्याळ मागे पडते. ते चुकचुकले, त्यांनी खणातून सर्वांत बारीक कानस काढली आणि तोंडाने शीळ घालत माझे दात घासायला सुरुवात केली. एकेक भोक, एकेक ओळ. संध्याकाळपर्यंत माझ्या अंगावर एकही दात उरला नाही. मऊ कपड्याने पुसून त्यांनी मला उजेडात धरले. मी आरशासारखी चमकत होते.

मला तोंड असते तर मी ओरडले असते. पण भोके असणे वेगळे आणि तोंड असणे वेगळे. ज्या दातांवर बाईंनी नख फिरवून मला निवडले होते, ते दात गेले होते, आणि ते ज्याने काढले त्याने ते मायेने काढले होते. मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली. सून त्या दिवशी उशिरा घरी आली. दही फडक्यात टांगून ती झोपायला गेली. माझ्याकडे तिने पाहिले नाही.

रविवारी ती पहिल्या पाळीला गेली होती, दोन वाजता यायची होती. घड्याळजींनी चणे उकडले, बटाटे उकडले, सगळे वाट्यांमध्ये ओळीने मांडले आणि बारा वाजता मला हातात घेऊन पहिले गाजर धरले. गाजर माझ्यावरून सर्रकन घसरले आणि खाली पडले. त्यांनी दुसरे घेतले, जोर लावला. गाजराला घाम फुटल्यासारखे झाले, पण किसाचा एक कण पडला नाही. चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात ना, तसे झाले.

त्यांनी अंगठा माझ्यावरून फिरवला. मग ते हळूच खुर्चीवर बसले. माणूस चुकला की आधी दुसऱ्यावर खापर फोडतो, पण इथे दुसरे कुणी नव्हते. सुरीने बारीक कापून पाहावे म्हणून त्यांनी एक बीट चिरले. तुकडे बटाट्यात धरेनात. घड्याळ पाहिले तर दीड वाजला होता. ते उठले आणि फोनपाशी गेले. पोस्टमनचा नंबर लावताना ते घसा खाकरून "माझी तब्येत जरा" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणून पाहत होते.

मी ओट्यावर पडल्या पडल्या ऐकत होते. आज यांनी येऊ नका म्हणून सांगितले तर ते तिघे पुन्हा येणार नाहीत आणि हे पुन्हा बोलावणार नाहीत, हे मला दिसत होते. मित्रांनो, त्या वेळी मला माझ्या दातांचे दुःख राहिले नाही.

दार वाजले. सून लवकर सुटली होती. तिने खाकी गणवेशातच स्वयंपाकघर पाहिले, चिरलेले बीट पाहिले, मला हातात घेतले आणि ती सगळे समजून चुकली. फोन त्यांच्या हातातच होता.

"मीच बिघडवलं सगळं," ते म्हणाले. "चांगली करायला गेलो होतो."

तिला हसू येत होते, पण ती हसली नाही. तिने फोन त्यांच्या हातातून काढून जागेवर ठेवला आणि मला त्यांच्या मेजावर, भिंगाच्या शेजारी नेऊन ठेवले.

"बाबा, लोकांची बंद पडलेली घड्याळं तुम्ही जन्मभर चालू केलीत. ही चालू होईल का, तेवढं सांगा."

घड्याळजींनी मला उचलले. समोरून पाहिले, मग पालथे करून पाठीकडून पाहिले. मी पाठीवर कुणी हात ठेवेल याची वाटच पाहत होते. पाठीकडून पाहताच त्यांच्या लक्षात आले की दात समोरून घडवत नाहीत.

"होईल," ते म्हणाले. "पण सगळे नाही व्हायचे पाचपर्यंत."

"मोठेच करा. बारीक नंतर बघू."

त्यांनी भोके पाडायचा जाड टोकाचा पंच काढला, छोटी हातोडी काढली आणि मला लाकडावर पालथे घातले. पहिला घाव बसला आणि मला माझा जन्म आठवला. कारागिराने मला खडाखडा उरकले होते. हे मात्र प्रत्येक भोकात पंच सरळ उभा करत, एकच घाव घालत आणि भिंगातून पाहून पुढे सरकत होते. ठक. ठक. सून बाजूला बसून गाजरे सोलत ओळी मोजत होती. तीन वाजता सहावी ओळ झाली. साडेतीनला नववी. त्रेसष्ट दात, एकही वाकडा नाही. मी अंगाने जरा खडबडीत झाले असेन, पण असे एकसारखे दात माझ्या तारुण्यातही नव्हते. शहरात इतर किसण्या असतील, पण घड्याळजींच्या हाताने घडवलेली एकच आहे.

मग आम्ही जे काम केले, ते विचारू नका. बीट गेले, गाजरे गेली, बटाटे गेले. वाळलेला पाव मोठ्या दातांवर जरा जाडसर किसला गेला, तर सून म्हणाली की उलट जास्त कुरकुरीत होईल, आणि तसेच झाले. तव्यावर टिकिया चढल्या, मनगटावरचे घड्याळ धरून चार मिनिटे आणि साडेतीन मिनिटे. घड्याळजींनी ताटात बारा टिकिया गोल मांडल्या, तासांच्या आकड्यांसारख्या. पाचला दोन मिनिटे कमी असताना त्यांनी हात धुतले. पाचला बेल वाजली आणि पोस्टमन आत आला.

पत्ते वाटले गेले, ताट मध्ये ठेवले गेले. घड्याळजी पाने हातात धरून बसले होते, पण त्यांची नजर ताटावर होती. मास्तरांनी जपून एक टिकिया उचलली, कवळीचा अंदाज घेत चावली आणि दुसरी उचलली. शिंप्याने तेल किती आहे म्हणून बोटे पुसून पाहिली, तर बोटे कोरडी. त्याने चारच्या आणि पाचच्या जागच्या टिकिया लागोपाठ संपवल्या. पोस्टमनने विचारले की यात साखर घातलीय का? सुनेने आतूनच नाही म्हणून सांगितले. थोड्या वेळात ताटात फक्त बाराची टिकिया उरली आणि तिच्यावर कुणी हात टाकेना.

शिंप्याने विचारले की हे कुठल्या दुकानातले, पत्ता दे.

"मी केलंय," घड्याळजी म्हणाले.

मग पोस्टमनने आपले पत्ते पालथे ठेवले.

"वहिनी गेल्यावर तू ते महागडे पुडे आणायचास आणि स्वतः शिवायचाही नाहीस," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, आमच्यासाठी उगाच खर्चात पडतोयस. नको असताना पाहुणचार करतोयस. म्हणून आम्ही आपापली कारणं काढली."

"मला वाटलं, तुम्ही तिच्या हातचं खायला यायचात."

"अरे, खायला घरी बायका नव्हत्या का आम्हाला?" शिंपी म्हणाला. "तुझ्याकडे यायचो, गाढवा."

घड्याळजींनी बाराची टिकिया उचलली आणि स्वतः खाल्ली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. आत सुनेने नळ बंद केला होता. मी त्या वेळी धुऊन निथळत होते आणि मला सगळे ऐकू येत होते.

खेळता खेळता घड्याळजींनी माझ्या दातांची सगळी हकीकत सांगितली. डाव संपला तेव्हा शिंप्याने जाहीर केले की पुढचा रविवार त्याच्याकडे. पण त्याच्या घरी असले काही नव्हते, तेव्हा ती किसणी मला आठवडाभर दे, मी करून बघतो, असे तो म्हणाला. घड्याळजी उठून आत आले. त्यांनी मला पुसले, अगदी कोरडी होईपर्यंत, आणि हातात धरून बाहेर नेले. मला वाटले, आता हातात देणार.

"किसणी एकटी कुणाकडे जात नाही," ते म्हणाले. "मी घेऊन येईन."

कित्येक महिने उंबरा न ओलांडलेला माणूस हे म्हणाला. सुनेने स्वयंपाकघरात ओट्याला दोन्ही हात टेकले आणि ती तशीच उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि भांडी घासायला घेतली.

मित्रांनो, आता माझे बारीक दातही पुन्हा आले आहेत. एक आठवडा शिंप्याकडे, एक मास्तरांकडे, एक पोस्टमनकडे आणि एक आमच्या घरी, असे माझे फिरते राज्य सुरू आहे. मास्तर दुधी किसतात, पोस्टमन मुळा किसताना रडतो. तुमच्या घरातही खालच्या खणात माझी एखादी बहीण पडलेली असेल. तिला बाहेर काढा. आईला किंवा बाबांना सोबत घ्या, बाजार उठताना वाकडी गाजरे आणा आणि काहीतरी किसून बघा. महागडे काही लागत नाही. काम झाले की तिला लगेच धुवा आणि ओली ठेवू नका. तिचे दात खरखरीत लागले तर ते तसेच राहू द्या. दुरुस्त करण्याआधी एकदा त्या दातांचे काम काय आहे ते विचारा. आणि घरातले कुणी खूप दिवस गप्प बसले असेल, तर त्यालाही काहीतरी किसायला द्या.

बाकी माझी काळजी करू नका. रविवारी दुपारी साडेचारच्या सुमारास एक आजोबा इस्त्रीचा सदरा घालून, कापडी पिशवीतून माझी मूठ बाहेर डोकावत असताना रस्त्याने झपाझप चालताना दिसले, तर जरा वाट सोडा. आम्हाला पाचला पोचायचे असते.